सहा नंबरची मशीन

कांता सलग चार दिवस कामावर आली नाही, तेव्हा मंजुषाने हजेरीपुस्तकात तिच्या नावावर काट मारली. दिवाळीपासून मंजुषाच्या खात्यातून गेलेली ही सातवी बाई.

हिंगणघाटजवळ, वडनेरच्या रस्त्यावरची ती सूतगिरणी. खात्यात वीस बायका. धागा तुटला की हाताने सांधायचा, एवढंच काम, पण दिवसभर उभ्याने. मंजुषा सहा वर्षं कांताच्या शेजारच्याच मशीनवर होती. मग तिला सुपरवायझर केलं. तिच्या आधीचे भैय्याजी येता-जाता शिव्या द्यायचे. आपण कुणावर ओरडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं आणि ते पाळलंही होतं. तरी भांडणं काही थांबली नव्हती.

भांडणं सहा नंबरच्या मशीनवरून व्हायची. तिचा धागा सारखा तुटायचा, सूत कमी निघायचं आणि मग मॅनेजरच्या मीटिंगमध्ये तिथं उभ्या असलेल्या बाईचं नाव पुकारलं जायचं. रोज सकाळी 'मी नाई जात, तू जाय' सुरू. आचलचा आवाज सगळ्यात मोठा. शेवटी मंजुषाने सहा नंबर कायमचा कांताला देऊन टाकला होता. कांता भांडत नव्हती.

रविवारी मंजुषा कांताच्या घरी वडनेरला गेली. कांता अंगणात तूर पाखडत होती. तिच्या सासूने, मनकर्णाबाईने, पाणी आणून दिलं आणि ती आत गेली.

"काऊन नाई येऊन राह्यली? बरं नाई का?" मंजुषाने विचारलं.

"बरी हाये मी."

"मंग? कोणी काही बोललं?"

कांताने सूप खाली ठेवलं. "तीनदा सांगतलं तुले, त्या मशीनचे रोलर झिजले. तीनई वेळा तू म्हणली, पायतो."

"तू कधी भांडली नाई ना, म्हणून मले वाटलं..."

"म्हणूनच ना!" कांताचा आवाज एकदम चढला. "आचल बोंबलते, तिले चांगली मशीन. मी चुप राह्यतो, मले सहा नंबर. भैय्याजी शिव्या द्यायचे, पण समद्यायले सारख्या. तू गोड बोलून माह्यावर लादलं, मंजू."

"चाल ना वापस," मंजुषा म्हणाली.

"समुद्रपूरले कापडाच्या दुकानात लागली मी. उद्यापासून."

सोमवारी सहा नंबरवर सुलोचनाबाईंची नेमणूक होती. मंजुषाने त्यांना बाजूला केलं आणि ती स्वतः उभी राहिली. एका टोकाचा धागा सांधेपर्यंत दुसऱ्या टोकाचे दोन तुटत होते. दुपारपर्यंत तिला पाणी प्यायलाही जाता आलं नाही. कांता इथं सलग दोन महिने उभी होती.

तिने फिटर बंडूजींना बोलावलं. ते म्हणाले, "मी त मागच्या वर्षीच सांगतलं होतं. साहेब म्हणते, मशीन बंद करायची नाई."

मंजुषाने मशीन बंद केली.

पाच मिनिटांत मॅनेजर प्रफुल सर आले. "कुणाला विचारून बंद केली?"

"कुणालाच नाही, सर. सातजणी गेल्या. रजिस्टर पाहिलं मी. त्यातल्या पाचजणी जायच्या आधी याच मशीनवर होत्या."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी मी पाहिलंच नव्हतं."

संध्याकाळी तिच्या हातात मेमो पडला. मशीनचे अर्धे रोलर मात्र बदलले गेले. बाकीचे बाहेरून यायचे होते, कधी ते कुणालाच माहीत नव्हतं. तोपर्यंत सहा नंबर पाळीपाळीने करायचा, असं मंजुषाने फळ्यावर लिहिलं. पहिलं नाव तिचं स्वतःचं, दुसरं आचलचं.

"मी नाई जात! माह्यंच नाव काऊन?" मंगळवारी सकाळी आचल ओरडली.

एरवी मंजुषाने नाव पुसलं असतं. ती आचलजवळ गेली. "समद्यायचं नाव हाये, आचल. काल मी केलं. आज तुह्यासंग उभी राह्यतो, चाल."

आचलने इकडेतिकडे पाहिलं. कुणी मान वर केली नाही. ती पाय आपटत मशीनवर गेली. तासभर दोघी धागे सांधत राहिल्या. मग मशीनच्या घरघराटात आचल तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "मागे मीटिंगमधी माह्यं नाव पुकारलं होतं. घरी कळलं त सासरा म्हणे, कामाची नाई त घरी बस. म्हणून बोंबलतो मी. भेव वाटते."

मंजुषाने तुटलेला धागा सांधला. हिलाही आपण कधी विचारलं नव्हतं. "यापुढे या मशीनसाठी माह्यं नाव पुकारतीन," ती म्हणाली.

आणि तसंच झालं. दर मीटिंगमध्ये मंजुषा उभी राहून ऐकून घेऊ लागली. घरी गेल्यावर तिला जेवण जायचं नाही. खात्यात कुरबुर होतीच, पण सकाळची भांडणं कमी झाली. चार महिन्यांत एकच पोरगी गेली, तीही लग्न ठरलं म्हणून.

एका सुटीच्या दिवशी मंजुषा समुद्रपूरच्या त्या दुकानात गेली. ब्लाउजपीस पाहता पाहता तिने सगळं सांगितलं. मशीनच्या पाळ्यांचं, मेमोचं, आचलचं. कांता कापडाच्या घड्या घालत ऐकत होती.

"तुह्या बाबतीत चुकलं माह्यं," मंजुषा म्हणाली.

"हो. चुकलं."

दारात गिऱ्हाईक आलं, तशी कांता उठून त्याच्याकडे गेली. तिचं कापड दाखवणं बराच वेळ चाललं. मंजुषाने मग हातातलं ब्लाउजपीस ठेवून दिलं आणि हिंगणघाटची बस पकडायला निघाली.