२०९० नंबरचं घर

हिरामण भोयेने लाल बटण दाबून सोडलं आणि साच्यात चिकटलेला रबर काढायला हात आत घातला. तेवढ्यात प्रेस खाली आली. त्याने झटक्यात हात खेचला म्हणून वाचला, पण हातमोजा आतच राहिला. प्रेस वर गेली तेव्हा त्याचा पापड झाला होता.

ओरडा ऐकून ज्योत्स्ना धावत आली. डिप्लोमा करून ती १९९३ साली अंबडच्या या रबरी वॉशरच्या कारखान्यात लागली होती. प्रेस चालवणारा छोटा कॉम्प्युटर तिनेच बसवला होता आणि त्यातला प्रोग्रामही तिनेच लिहिला होता. दोन हातांनी दोन हिरवी बटणं दाबल्याशिवाय प्रेस उतरणार नाही, असं तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं.

"कोपर लागलं असेल बटणाला," मालक रंगनाथराव म्हणाले.

"दोन्ही बटनांना कसं लागंल, शेठ?" हिरामण म्हणाला. "मी तर लाल दाबलं व्हतं. थांबायचं."

"मग काय भुताने उतरवली? उद्यापासून येऊ नकोस तू." ते मेन स्विचकडे वळले. "ज्योत्स्ना, बंद करून परत चालू करू. होईल सुरळीत."

सुरळीत होणार, हे तिलाही ठाऊक होतं. वीज गेली की चालू कामाच्या नोंदी मेमरीतून पुसल्या जातात, प्रोग्राम तेवढा राहतो. चूक प्रोग्रामची असली, तर तिचा मागमूसही उरणार नव्हता. रंगनाथरावांचा हात स्विचपाशी पोचेपर्यंत ती नुसती बघत राहिली.

"साहेब, नका!" ती एकदम किंचाळली. "नुसता प्रेसचा तेलाचा पंप बंद करा. कॉम्प्युटरच्या बोर्डाची वीज राहू द्या."

पेटीचं दार उघडून ती बोर्डासमोर उकिडवी बसली. त्याला पडदा नव्हता, फक्त सहा लाल आकडे आणि चोवीस कळा. तिने रीसेट दाबलं. प्रेसचा प्रोग्राम थांबला, मेमरी तशीच राहिली आणि बोर्डातला मॉनिटर नावाचा तपासणीचा प्रोग्राम जागा झाला. त्याला मेमरीतल्या घराचा नंबर दिला की त्या घरात काय आहे ते तो दाखवी.

२०९० या घरात एकच खूण राहायची: हिरवी बटणं दाबली असतील तर एक, नाहीतर शून्य. शून्य नसेल तर प्रोग्राम प्रेस उतरवी. तिने नंबर टाकला. दिसले ४३.

तिने पुढची कळ दाबली. ०८. पुन्हा ४३. पुन्हा ०८. तीच जोडी घरामागून घर येत राहिली. तिने मोजल्या, पंचवीस भरल्या. लाल बटण दाबलं की प्रोग्राम हातातलं काम जिथे सोडलं तिथला परतीचा पत्ता लिहून ठेवी, तो हा, उलट्या क्रमाने लिहिलेला ०८४३. काम झालं की तो पत्ता उचलून परत फिरायचं असतं.

मग तिने लाल बटणाचा भाग एकेक पायरीने चालवून पाहिला. शेवटच्या पायरीला तो परत फिरलाच नाही, थेट सुरुवातीला उडी मारून गेला. पत्ता तसाच पडून राहिला; दर वेळी असा एकेक साचत गेला आणि पंचविसावा २०९० वर येऊन बसला. ती उडी तिनेच लिहिली होती.

"हिरामणभाऊ, दिवसात किती वेळा लाल बटण दाबता?"

"रबर अडकला की दाबतो. दुसरे नाय दाबत, तसाच हात घालतात. मला भ्या वाटतं."

ज्योत्स्ना उठली. "साहेब, चूक यांची नाही, माझी आहे."

"कोणाला वाचवतेस?" रंगनाथराव म्हणाले.

"पंप चालू करा. दाखवते."

सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. साच्यात लाकडाचा ठोकळा होता. तिने प्रोग्राम पहिल्यापासून सुरू केला आणि लांबूनच काठीने लाल बटण दाबू लागली. हिरामण मोठ्याने मोजत होता. वीस झाले, काही नाही. बावीस. तेवीस. कोणीतरी राम राम म्हणू लागलं. चोवीस. काठी तिच्या घामेजल्या हातातून निसटत होती. काही झालं नाही तर हिरामण सुटणार नव्हता. झालं तर तिला त्याच्याकडे बघता येणार नव्हतं.

"पंचवीस," हिरामण म्हणाला.

तिने काठी उचलली आणि प्रेस खाली आली. ठोकळा कडकडत फुटला.

रंगनाथरावांनी पंप बंद केला.

"म्हंजी," हिरामण हळूच म्हणाला, "जो जास्त जपंल, त्याचाच हात जायचा?"

"हो."

"तुमच्या इश्वासावर मी हात घालत व्हतो, ताई."

तिने मान खाली घातली.

रंगनाथरावांनी तिला नको नको ते सुनावलं, पण हिरामणला कामावरून काढायची भाषा पुन्हा केली नाही. प्रेस तीन दिवस बंद राहिली. ज्योत्स्नाने प्रोग्राम सुधारला. हिरव्या बटणांची तार थेट प्रेसला तेल सोडणाऱ्या व्हॉल्व्हला जोडली, म्हणजे कॉम्प्युटर चुकला तरी प्रेस उतरू नये. चौथ्या दिवशी तिने पाचशे वेळा लाल बटण दाबलं आणि दर पंचविसाव्याला डोळे मिटले.

हिरामणने मात्र पॅकिंगचं काम मागून घेतलं. प्रेसवर परत या, असं म्हणायला ती दोनदा त्याच्यापाशी गेली. दोन्ही वेळा वॉशर किती भरले, एवढंच विचारून परत आली.