डाव्या बाजूचा उजेड

मी जीप बोलतेय. पण आधी तुम्ही कोण ते सांगा. गिऱ्हाईक असाल तर माझ्या बॉनेटला हात लावू नका. मेस्त्री असाल तर दोन पावलं लांब उभे राहा. नुसतं ऐकायला आला असाल तर बसा, सांगते.

माझा स्वभाव संशयी आहे हे मला मान्य आहे. पण मी जन्मापासून अशी नव्हते. कारखान्यातून निघाले ती थेट फौजेत गेले. तिथं रोज सकाळी धुणं, संध्याकाळी तपासणी, तेलपाणी वेळच्या वेळी. कुणावर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. मग वय झालं आणि मला लिलावात उभं केलं. वाईकडच्या एका खाणवाल्यानं मला नेलं. त्याच्या मेस्त्रीनं पहिल्याच महिन्यात माझा चांगला डायनामो काढून दुसऱ्या गाडीला बसवला, मला कुणाचा तरी झिजलेला लावला, आणि मालकाला सांगितलं, "जुनी गाडी हाय, असंच चालायचं." तेव्हापासून कुणी पाना घेऊन जवळ आलं की मी थरथरते. लोकांना वाटतं इंजिनात दोष आहे.

याच खाणवाल्यानं एके दिवशी मला नवा हिरवा रंग दिला, सीटना नवी कव्हरं घातली, पुढं हार बांधला. मी हरखून गेले. तिसऱ्या दिवशी त्यानं मला विकलं. आपल्याला कुणी नटवायला लागलं की समजावं, आपली पाठवणी जवळ आली, हे मी त्या दिवशी शिकले.

मला घेतलं लालासाहेबांनी. फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार होऊन निवृत्त झाले. गाव पाटणच्या अलीकडं, कोयनेच्या काठाला. सगळे त्यांना आबा म्हणतात. इतर गिऱ्हाइकं येतात ती आधी टायरला लाथ घालतात. आबांनी तसं केलं नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "तू बी फौजेतली, मी बी फौजेतला. जमंल आपलं." मी त्याच घटकेला त्यांची झाले.

गावाच्या वर, डोंगराच्या सपाटीला धनगरवाडा आहे. वीसेक घरं आणि त्यांची म्हसरं. एसटी तिथं जात नाही. नऊ किलोमीटरचा मुरमाड रस्ता, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. वरची पोरं चालत खालच्या हायस्कूलला यायची. मुली तर सातवी झाली की घरीच राहायच्या. चार वर्षांपूर्वी आबा मला घेऊन वर गेले आणि वाड्यातल्या कोंडीबांना म्हणाले, "उद्यापासनं पोरं माज्या गाडीत बसत्याल."

"आवं, रोज येनार व्हय तुमी?" कोंडीबांचा विश्वास बसेना.

"बर्फातनं रोज गाडी काडली हाय मी. ह्यो डोंगर काय सांगतोस?"

आणि ते खरंच रोज येत राहिले. आत सात पोरं. सकाळी खाली आणायची, संध्याकाळी वर सोडायची.

गेल्या हिवाळ्यापासून आबांचं एक सुरू झालं. शाळा सुटून आम्ही चढाला लागेपर्यंत दिवेलागण व्हायची, आणि आबा पुटपुटायचे, "दिवं लय मंद झालं हिचं." माझे दिवे पिवळे होते, जुने होते, पण मला रस्ता दिसत होता.  यंदा दसऱ्याला मला धुताना ते सुनेला म्हणाले, "हिला नवं दिवं बसवतो. एलईडी."

मला धस्स झालं. नवे दिवे म्हणजे नटवणं, आणि नटवणं म्हणजे काय ते मी आधी सांगितलंच आहे.

सुनेलाही संशय आला, पण वेगळाच. तिचं नाव क्रांती. नवरा वीरधवल फौजेत, तिकडं सीमेवर. घर, रान, सासरे सगळं तिच्या अंगावर. आबा संध्याकाळी मला अंगणात लावून आत गेले की ती माझ्याभोवती फिरायची. माझ्या डाव्या मडगार्डवर करवंदीच्या जाळ्यांचे ओरखडे असायचे. उजवी बाजू कोरी, डाव्या बाजूला रोज एक नवा ओरखडा. एकदा तर तिनं सीटवर वाकून वास घेतला. मला कळलं, तिला वाटतंय आबा फौजी कँटीनची दारूची बाटली गाडीत ठेवतात. मला राग आला. माझा माणूस तसा नाही!

माझा स्वतःचा संशय होता सोनियावर. कोंडीबांची नात, आठवीतली. पुढची डावी सीट तिचीच. दुसरं कुणी तिथं बसलं तर ही पोरगी मांजरीसारखी फिसकारायची. आणि वाटभर तिचं तोंड चालू. "आबा, दगुड." "आबा, म्हस हाय कडंला." "आबा, वळान आलं." मला वाटायचं, एवढीशी पोर आणि एवढी शहाणी! हिला गाडी शिकायची आहे की आणखी काही मनात आहे?

कराडला आबांचा नेहमीचा मेस्त्री बाळासो. काळा, ठेंगणा, कानावर पेन्सिल. त्यानं माझे दिवे उघडले, वायरी बोटांत चुरगळून पाहिल्या.

"आबा, दिव्यांचा दोष न्हाई. बॅटरीतनं निघाल्याला करंट दिव्यापातूर पोचतच न्हाई. वायर सगळी सडल्या. नवी वायर वढतो, मदी रिलेची डबी टाकतो, म्हंजे करंट सरळ दिव्यात जाईल. हाय त्याच दिव्यात दुप्पट उजेड पडंल."

"मला एलईडीच पायजे."

"मग नुसता बल्ब घालून चालनार न्हाई. त्यो उजेड वाट्टंल तिकडं फेकतो, समोरनं येनारा आंधळा हुतोय. पुरा गोल दिवाच बदलाय पायजे."

"बदल."

बाळासोनं काम केलं, आणि मी प्रत्येक पान्याकडं डोळे वटारून पाहत राहिले. त्यानं माझ्या नकळत काय काय काढलं असेल कुणास ठाऊक! संध्याकाळी नवे दिवे लागले तेव्हा मी दचकलेच. पांढराशुभ्र उजेड, ट्यूबलाइटसारखा. रस्त्यावरचा खडा न् खडा मोजता येईल असा. हे माझे डोळे आहेत असं मला वाटेचना. पण दिसत होतं, अगदी लख्ख दिसत होतं. आबा मात्र स्टिअरिंगवर पुढं वाकून म्हणाले, "हां... जरा बरं हाय."

जरा? एवढ्या उजेडात जरा?

दिवाळी झाली आणि तो दिवस आला. सोनियाला ताप होता म्हणून ती शाळेला आली नव्हती. डाव्या सीटवर सगळ्यांत धाकटा मल्हार बसला होता, आणि तो वाटेतच पेंगला. सहाचा सुमार, दिवे लावलेले. पाचव्या वळणावर समोर डाव्या अंगाला रस्त्याची कडा होती, कडेवर चुना लावलेले दगड होते, त्यांच्यापलीकडं काळोख. मला ते सगळं दिसत होतं. पण स्टिअरिंग वळलंच नाही. मी सरळ त्या दगडांवर गेले. एक दगड ढासळला, माझं पुढचं डावं चाक कडेबाहेर लटकलं, आणि पोट करवंदीच्या जाळीत रुतून बसलं. तेवढ्यानंच मी थांबले.

आत एकदम आरडाओरडा झाला. आबांनी एकेका पोराला उजव्या बाजूनं उतरवलं, मोजलं, पुन्हा मोजलं. सहाच्या सहा. मल्हारच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, बाकी सगळी धड होती.  

"दिव्यांनी दगा दिला," ते म्हणाले.

मला तेव्हाच खात्री पटली. दिवे तर लागत होते. म्हणजे बाळासोनं स्टिअरिंगमध्येच काहीतरी केलं!

सकाळी ट्रॅक्टरला साखळी लावून मला वर ओढलं. वाड्यावरची माणसं जमली होती. क्रांतीही आली होती. गर्दीतून अंगात स्वेटर घातलेली सोनिया पुढं आली, माझ्या लटकलेल्या चाकाकडं बघून रडायला लागली.

"काकी, मी न्हवते म्हनून झालं."

"म्हंजे?" क्रांतीनं तिला जवळ घेतलं. "तू असतीस तर काय झालं असतं?"

पोरीनं ओठ मिटले. "काय न्हाई."

क्रांती तिच्याकडं बघत राहिली. मग आबा मला घेऊन कराडला निघाले तशी तीही चढून बसली, सोनियाच्या सीटवर. "मी येते, आबा." आबांना ते आवडलं नाही. वाटेत तिनं दोनदा "आबा, डावीकडं!" म्हणून ओरडून स्टिअरिंग धरलं. 

गॅरेजमध्ये पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. आबा उतरले तेच आवाज चढवून. "बाळासो! डुप्लिकेट माल घातलास रं माज्या गाडीत! पोरं मेली आसती काल!"

बाळासो उभा राहिला. सगळे त्याच्याकडं बघत होते. मी मनात म्हटलं, बरं झालं, एकदाची चोरी उघडी पडली.

 बाळासोनं मला आतल्या अंधाऱ्या शेडमध्ये भिंतीसमोर लावलं, दिवे चालू केले, आबांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "भितीकडं बगा, आबा. झोत कसा पडतोय ते सांगा." आणि स्वतः हळूच चालत माझ्या डाव्या दिव्यापुढं येऊन उभा राहिला. भर उजेडात. त्याच्या सदऱ्याची बटणंसुद्धा मला मोजता येत होती.

"बाळासो, कुटं गेलास?" आबा म्हणाले. "दिव्याम्होरं ये की."

बाळासो जागचा हलला नाही. मग एक पाऊल उजवीकडं सरकला. मग आणखी एक. तो पार माझ्या मधोमध आला तेव्हा आबा म्हणाले, "हां, आलास व्हय!"

बाळासो पुन्हा डावीकडं सरकला. आबा पुन्हा त्याला शोधायला लागले. दारात उभ्या क्रांतीनं पदर तोंडाला लावला.

बाळासो बाहेर आला आणि सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चूक माजी हाय, आबा. झोत बसवताना माजंच चुकलं. गाडी ठेवून जावा, आठ दिस लागत्याल."

बघा, कबूल केलं! मी म्हटलं. पण मग तो पाण्याच्या पिंपाजवळ क्रांतीला हलकेच म्हणाला ते मी ऐकलं. "वैनी, दिव्यांत काय न्हाई. त्यास्नी डावी बाजू दिसत न्हाई. आदी मिरजंला डोळं दावा. तवर गाडी मी सोडनार न्हाई."

चार माणसांत त्यानं न केलेल्या चुकीचा डाग अंगावर घेतला होता. आबांची मान खाली जाऊ नये म्हणून, आणि मी रस्त्यावर जाऊ नये म्हणून. मी त्या शेडमध्ये आठ दिवस उभी होते. माझ्या शेजारून तो ये-जा करायचा. त्याच्याकडं बघायची मला लाज वाटत होती. त्या आठ दिवसांत त्यानं माझं स्टिअरिंगही पुन्हा तपासलं. त्यात काहीच बिघाड नव्हता.

नवव्या दिवशी क्रांती आणि आबा आले. मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेलेली, डाव्या डोळ्याची तर बरीचशी नजरच. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थेंबांनी टिकवायची. गाडी बंद. आबा बाळासोपुढं उभे राहिले. 

"दिवं चांगलं हायत रं तुजं," एवढंच म्हणाले.

"ठावं हाय मला," बाळासो म्हणाला आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला.

क्रांतीनं मला चालवत परत आणलं. लग्नाआधी ती गाडी शिकली होती, लायसनही होतं, पण हात सुटलेला. गियर कसे खरखरले ते विचारू नका. ती थेट वर वाड्यावर गेली. सोनिया अंगणात शेणी थापत होती. आबांनी तिला जवळ बोलावलं.

"कवापासनं ठावं हुतं तुला?"

ती खाली बघत म्हणाली, "गेल्या वर्साच्या दिवाळीपासनं. तुमी कडंच्या म्हशीला घासून ग्येला, तवा. दिसलीच न्हाई तुमास्नी."

"मग सांगितलं का न्हाईस, पोरी?"

"गाडी बंद झाली आसती. मग शाळा बी."

 तेरा वर्षांची पोर वर्षभर रोज अठरा किलोमीटर डोळ्यांत तेल घालून बसत होती, सात पोरांचा आणि एका म्हाताऱ्याचा जीव ओठांवर धरून. आणि मी तिच्यावर संशय घेत होते. शेवटी आबांनी किल्ली काढली आणि क्रांतीच्या हातात ठेवली. "गाडी बंद हुनार न्हाई," ते सोनियाला म्हणाले. "तू आता मागं बस, आन् पुस्तक वाच."

मी बाळासोवर संशय घेतला, पोरीवर घेतला, नव्या दिव्यांवर घेतला. ज्याचे हात रोज माझ्या स्टिअरिंगवर होते त्याच्यावर मात्र घेतला नाही. तो माझा माणूस होता ना!

आता क्रांती रोज येते. अजून दुसऱ्या गियरला अडखळते, आणि खरं सांगायचं तर चढाला मी तिच्यावर थोडी नजर ठेवूनच असते. आबा कधीतरी शेजारी बसतात, तेव्हा डोळे मिटून घेतात आणि इंजिनाच्या आवाजावरून गियर सांगतात. माझे दिवे पांढरे आहेत, लांबपर्यंत जातात. समोरून कुणी आलं की क्रांती ते लगेच खाली घेते.

तुम्हीही घ्या. पाटणच्या बाजूला कधी आलात आणि तिन्हीसांजेला वळणावर एक हिरवी जुनी जीप दिसली, तर आपले दिवे जरा खाली करा आणि मला आधी जाऊ द्या. आत सात पोरं आहेत, आणि एकीच्या मांडीवर पुस्तक उघडं आहे.