माझ्या पॅनवरचे चाळीस लाख

सेलूत सगळ्यात हुशार माणूस कोण, असं माझ्या भावाला विचारलं तर तो लाजल्यासारखं करून गप्प बसेल. म्हणजे तोच. माधवराव. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, सरकी-ढेपेचं दुकान, आणि मोबाइलवर सकाळी जे काही येतं ते सगळं ज्ञान दुपारपर्यंत गिऱ्हाइकांना वाटून मोकळा. "शेतीला टॅक्स नसतोय" हे तर त्याचं आवडतं वाक्य. जावळाच्या जेवणात सुद्धा तो हे कुणाला ना कुणाला ऐकवल्याशिवाय उठत नाही.

मी कावेरी, त्याची एकुलती एक बहीण. परभणीत एका शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे. लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत भाड्याची पाच घरं बदलली. आत्ताच्या घरमालकानं मार्चपर्यंत जागा रिकामी करा म्हणून सांगितलंय, आणि आमचे हे रिटायर होऊन घरात बसलेत. ते म्हणतात, मिळेल कुठंतरी. कुठंतरी म्हणजे कुठं, हे त्यांना विचारायचं नाही.

वडील गेले तेव्हा पाथरी रोडच्या पावणेदोन एकराला दादाचं आणि माझं अशी दोन नावं लागली. तेव्हापासून दादा माझ्या मागं हात धुऊन लागला होता, हक्कसोडपत्र करून दे म्हणून. आमच्याकडं रीतच आहे. बहिणीनं हक्क सोडायचा, भावानं साडी-चोळी करायची, आणि सगळ्यांनी म्हणायचं, बघा कशी बहीण. मलाही तेच पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू. बघा कशी बहीण, असं कुणीतरी म्हणावं म्हणून मी चार वर्षांनी एकदाची तयार झाले आणि रजा टाकून सेलूला गेले.

गेले, तर दादाच म्हणाला, "ऱ्हाऊ दे कावे. कशाला हक्क सोडतीस? बापाची जमीन हाय, तुझा बी हिस्सा हाय की त्यात. दोघांच्या नावानं विकू."

मी परत येताना बसमध्ये रडले. दुसऱ्या दिवशी शाळेत अर्धा किलो पेढे वाटले. माझ्या भावानं मला हिस्सा दिला, असं शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना सांगितलं. माझ्याएवढी माठ बाई त्या दिवशी जिल्ह्यात दुसरी नसेल.

जमीन ऐंशी लाखाला गेली. घेणाऱ्यानं दोन चेक दिले, चाळीस दादाच्या नावाचा, चाळीस माझ्या. माझा चेक माझ्या खात्यात जमा झाला. आठवडाभर मी रोज मोबाइलवर तो आकडा बघत होते आणि मनातल्या मनात घराला खिडक्या कुठं असाव्यात ते ठरवत होते.

नवव्या दिवशी दादा परभणीला आला. सोबत आरटीजीएसचा फॉर्म, पूर्ण भरलेला. माझं नाव, माझा खाते नंबर, त्याचा खाते नंबर, रक्कम चाळीस लाख. फक्त सही बाकी.

"ही तर निस्ती कागदाची सोय होती कावे," तो चहा पीत म्हणाला. "टॅक्सचं लचांड असतंय. तुला न्हाई कळायचं ते. तू सही कर, मी तुला चांगली पैठणी घेतो."

मला लय वाईट वाटलं. पण भांडले नाही. आमचे हे आतून म्हणाले, देऊन टाक, नातं टिकतं. ह्यांचं स्वतःचं काही जात नसलं की ह्यांना नाती फार महत्त्वाची वाटतात. मी दादाला म्हणाले, बँकेत दोन दिवसांनी देते. पेढे खाल्लेल्या लोकांना आता काय सांगायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. पैसे देणार नाही, असं मनातही आलं नव्हतं.

फॉर्म पर्समध्ये घेऊन मी शनिवारी नचिकेतच्या ऑफिसात गेले. हा दादाचाच सीए, सेलूत मोंढ्याजवळ बसतो. जन्मभर दुसऱ्यांचे फॉर्म सोळा काढलेत मी, त्यामुळं आपल्या खात्यात आले आणि गेले ते रिटर्नमध्ये कसं दाखवायचं, एवढंच विचारायचं होतं.

त्यानं संगणकावर माझा पॅन टाकला. घेणाऱ्यानं माझ्या नावावर नोंदवलेला व्यवहार तिथं दिसत होता.

"मावशी, चाळीस लाखाची विक्री तुमच्या नावावर दिसते. वडिलोपार्जित जमिनीची नियमानं दोन हजार एकची किंमत धरतात, ती दोनेक लाख धरली तर अडतीस लाख नफा. साडेबारा टक्क्यांनी पावणेपाच, वर सेस. पाच लाखाच्या आसपास टॅक्स आहे तुम्हाला."

"शेतीला टॅक्स नसतो ना?" मी विचारलं. आमच्या घराण्याचं वाक्य, माझ्याही तोंडात होतंच.

"खेड्यातल्या शेतीला नसतो. ही नगरपालिकेच्या हद्दीत आहे."

"पण मी तर सगळे पैसे दादाला द्यायलेय."

"दिले तर ती भेट झाली. बहिणीनं भावाला दिलेल्या भेटीवर भावाला टॅक्स नाही. पण जमीन तुम्ही विकली, त्यामुळं तुमचा टॅक्स तुमच्याकडंच राहतो." तो जरा घुटमळला. "माधवकाकांना मी हे सगळं सांगितलं होतं."

मग मी त्याच्याकडून एकेक काढून घेतलं. सरकारी बाँडमध्ये पाच वर्षांसाठी पैसे घातले तर नफ्यावर टॅक्स लागत नाही, पण एका माणसाला पन्नास लाखांचीच मर्यादा. ऐंशी लाख एकट्याच्या नावावर आले असते तर नफ्यातले सव्वीस लाख टॅक्सला उघडे पडले असते. म्हणून दादाला माझी आठवण झाली. त्याचे चाळीस बाँडमध्ये, टॅक्स शून्य. माझे चाळीस त्याच्या खात्यात, त्याला टॅक्स शून्य. आणि पाच लाख मी भरायचे, माझ्या पीएफमधून. बापाचा हिस्सा, तुझा हक्क, हे सगळं त्या सव्वीस लाखांसाठी होतं. नीचपणाला सुद्धा काही पातळी असते, ती ह्याला सापडलीच नाही.

"माझा टॅक्स वाचवायचा काही रस्ता आहे का?" मी विचारलं.

"तुमच्या नावावर घर आहे का?"

"नाही."

"मग दोन वर्षांच्या आत घर घ्या. नुसता नफा नाही, आलेली सगळी रक्कम घरात घालावी लागते, आणि घर तुमच्या स्वतःच्या नावावर पाहिजे. टॅक्स शून्य."

मी तिथून सरळ दादाच्या घरी गेले. केशरवहिनी भाजी निवडत बसल्या होत्या. ह्या बाईनं तीस वर्षांत माझ्यासमोर नवऱ्याच्या बोलण्यात एक शब्द घातलेला नाही. दादा झोक्यावर होता.

"टॅक्स मी भरायचा हे तुला ठाऊक होतं?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

त्यानं नाकारलं सुद्धा नाही. "तू नोकरदार माणूस. तुला पाच लाख काय जड हाईत? दर महिन्याला पगार येतोय."

मला वाटलं होतं तो खजील होईल. खजील व्हायला समोरच्याला माणूस समजावं लागतं. मी पर्समधून फॉर्म काढला आणि झोक्यावर त्याच्या शेजारी ठेवला, बिनसहीचा.

"मी घर घ्यायलेय दादा. परभणीत. माझ्या नावावर."

"आन् माझे पैसे?"

"तुझे चाळीस तुझ्याकडं हाईत की."

"ते पाच वर्षं अडकले," तो उठून उभा राहिला. "मी वालूरच्या जमिनीचा इसार देऊन बसलोय, सहा लाख. तुझ्या भरवशावर. त्यो बुडंल."

"मी हक्क सोडायला आले होते. पेन हातात होतं माझ्या. फुकट दिलं असतं सगळं, तूच नको म्हणालास."

सेलूतल्या सगळ्यात हुशार माणसानं फाटकाकडं बोट दाखवलं. मग तो म्हणाला, ह्या घराची पायरी चढायची नाही, माहेर संपलं तुझं. त्याचा आवाज चिरकला होता. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण त्याचा लाल झालेला चेहरा अगदी वडिलांसारखा दिसत होता. परत कधी इथं येता येणार नाही हे कळत होतं, आणि तरी फॉर्म उचलायला हात पुढं झाला नाही. सव्वीस वर्षांत मी कुठं राहते, भाडं किती भरते, हे ह्या माणसानं एकदाही विचारलं नव्हतं.

मी चप्पल घातली. फाटकापर्यंत आले तेव्हा मागून केशरवहिनी आल्या, हातात अजून मेथीची जुडी.

"वन्सं," त्या घराकडं बघत हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या भावांनी झरीची बापाची जमीन विकायला काढलीया. मंगळवारी मला सहीला बोलावलंय. तुमच्या दादांनी सांगितलंय, जाऊन सही करून ये."

"मग?"

"सही करायच्या आधी काय काय विचारायचं असतंय, ते सांगता का मला?"

परभणीची बस साडेचारची होती आणि सव्वाचार झाले होते. मी फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसले आणि वहिनींना बाजूला जागा करून दिली.