पूर्वेला वळवलेली छत्री

मी एक जुनी छत्री आहे, मित्रांनो. पण पावसात धरायची नव्हे. बिद्रीजवळच्या एका गावात, दूध संस्थेच्या गच्चीवर उपग्रहाकडे तोंड करून बसवलेली लोखंडी छत्री.

गावात तेव्हा इंटरनेट धड नव्हतं. म्हणून एका प्रकल्पाच्या लोकांनी मला आणलं. उपग्रह वरून हवामान, शाळेचे धडे, शेतीचे सल्ले पाठवी आणि मी ते झेलून खालच्या संगणकात उतरवी. पहिल्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. संस्थेचे सचिव तवनाप्पा पाहुण्यांना हाताला धरून मला दाखवायला आणत. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

एका सकाळी, रोज दूध घालणाऱ्या धोंडुबाई रिकामी किटली घेऊनच संस्थेत आल्या.

"अण्णा, म्हशीनं कालपास्नं वैरणीला तोंड लावलं न्हाय. पोट फुगलंय. इचारा की तुमच्या छत्रीला!"

तवनाप्पा ओशाळले. "आक्का, ती नुसतं सांगती. तिला काय इचारता येत न्हाय."

त्या दिवशी माझ्याकडे काय आलं होतं, ठाऊक आहे? सफरचंदाच्या बागेची निगा! आमच्या ऊसपट्ट्यात सफरचंद! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर येईपर्यंत धोंडुबाईंची म्हैस गेली.

त्यानंतर संगणकाकडे कुणी फिरकेना. तरी माया मात्र आटली नाही. खंडेनवमीला मला धुतलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पूजेच्या वस्तूचं तोंड पूर्वेला हवं, म्हणून नट ढिला करून मला वळवलंही. उपग्रह राहिला दक्षिणेला! माझं काम तिथंच थांबलं. गावानं तक्रार केली नाही आणि प्रकल्पवाल्यांनीही चौकशी केली नाही.

आता धोंडुबाईंची सून प्रियदर्शनी संस्थेमागच्या गोठ्यातूनच मोबाईलवर डॉक्टरांना नवी म्हैस दाखवते. ते विचारतात, ती सांगते. ती विचारते, ते सांगतात. मला हेवा वाटत नाही, बरंच वाटतं.

मला बसवणारी माणसं वाईट नव्हती. त्यांनी मनापासून पाठवलं; फक्त गावाला काय हवंय, हे विचारायचं राहून गेलं. मित्रांनो, उद्या तुम्ही अशी यंत्रं बनवाल, तेव्हा त्यांना तोंडाबरोबर कानही द्या. धोंडुबाईंच्या प्रश्नाचं उत्तर तिकडे, सल्ले पाठवणाऱ्यांत, कुणाला तरी नक्की ठाऊक होतं. तो प्रश्न तिकडे पोचवायची सोय माझ्यात नव्हती, एवढ्यासाठी त्यांचा गोठा रिकामा झाला.