नाणं आधी की नंतर

भिंगरीने चिठ्ठीवर ठसक्यात लिहिलं, ‘आधी नाणं घेणारा’, आणि ती फोनच्या कपाळावर डकवून टाकली.

तिची आत्या घराखालच्या खोलीत जुने, नाणं टाकून चालणारे फोन शोधून पुन्हा बोलते करायची. तिचा एकच नेम होता: पोट उघडून बघितल्याशिवाय फोनची जात ठरवायची नाही. भंगारवाले एकाचं धड दुसऱ्याच्या आतड्यांना जोडून मोकळे होतात. काही फोन आधी नाणं गिळतात, मग जोडून देतात. काही आधी जोडतात. समोरच्याचं आपल्याला ऐकू येतं, पण नाणं पडेपर्यंत आपला आवाज पलीकडे जात नाही.

पण सुट्टीच्या तीन आठवड्यांत सात फोन बरोबर ओळखल्यामुळे भिंगरीला शिंगं फुटली होती.

“आत्या, हा तर मी डोळे मिटून सांगते!”

“डोळे मिटूनच सांगतेयस, तेच तर दुखणं आहे,” आत्या म्हणाली. “टिल्लू वर झोपलाय, मी तिथेच कपडे वाळत घालते. शेगडीवर कॉस्टिक सोड्याचं पाणी उकळतंय, जुना रंग सुटायला. अंगावर पडलं तर कातडी सोलून निघेल. दाराला कडी घाल.”

“हो गं बाई, हो!”

भिंगरीने दार नुसतं लोटलं.

फोन भिंतीवरच्या फळीला चार बोल्टांनी आवळलेला होता. चाचणीची तार तिथून थेट वरच्या स्वयंपाकघरात जायची. एक आकडा फिरवला की वरचा फोन वाजायचा. भिंगरीने चाचणीचं एकुलतं एक नाणं आत टाकलं. ते खडखडत सरळ खाली घसरलं आणि नाणं परत यायच्या खोबणीत मध्येच अडकलं. तिने दोन बोटं घातली. मग चार. मग मनगट.

खट्!

आत दातेरी झडप होती, कुणीतरी चोरांसाठी बसवलेली. जाणाऱ्या हाताला वाट देणारी, येणाऱ्याला चावणारी. भिंगरीला आधी हसूच आलं. आत्या बघेल तेव्हा काय म्हणेल!

तेवढ्यात दार करकरलं.

आत्याचा दोन वर्षांचा टिल्लू उभा होता. एका पायात मोजा, दुसरा उघडा. शेगडी जमिनीपासून वीतभर उंच, त्यावर रटरटणारं पातेलं, आणि पातेल्याबाहेर डोकावणारा ढवळायचा लांब दांडा. नेमका टिल्लूच्या नाकासमोर.

“टिल्लू, इकडे ये राजा! गंमत देते!”

“नाय,” टिल्लू म्हणाला आणि दांड्याकडे निघाला.

“आत्याऽऽ!” ती ओरडली. वाफ ओढणाऱ्या पंख्याच्या घरघरीत तिचा आवाज तिलाच जेमतेम ऐकू आला. तिने हात हिसडला. दाते आणखी रुतले.

डाव्या हाताने रिसीव्हर काढून तिने खांद्यात दाबला, आकडा फिरवला.

“हॅलो?”

“आत्या! टिल्लू खाली आलाय!”

“हॅलो? भिंगरे, तूच ना? बोलत का नाहीस? अगं, घंटेने टिल्लू उठेल. परत वाजवलंस तर रिसीव्हर काढूनच ठेवेन हं!”

फोन बंद.

 हा आधी नाणं घेणारा नव्हताच! तिचीच चिठ्ठी तिच्या डोळ्यांसमोर फडफडत होती, आणि नाणं आत, बोटांच्या टोकाला, गार लागत होतं. टिल्लू आता शेगडीपासून चार पावलांवर.

एकच घंटा उरली होती.

मग तिला आठवलं. आत्या हसत हसत सांगायची, फुकटे लोक असल्या फोनमध्ये कानाच्या बाजूने बोंबलायचे. तिथूनही आवाज किंचित पलीकडे जातो. भिंगरीने आकडा फिरवला, रिसीव्हर उलटा केला आणि कानाची बाजू दातांपाशी दाबून किंचाळली.

“टिल्लू! पातेलं! टिल्लू! पातेलं!”

आता आत्या काही बोलत असली तरी भिंगरीला ऐकू येणार नव्हतं. आत्याने उचलला? काढून ठेवला? टिल्लूने चवड्यांवर उभं राहून हात वर केला. दांड्याला त्याचं बोट लागलं. पातेलं किंचित कललं. भिंगरीने डोळे मिटले नाहीत, मिटताच येईनात.

दार धाडकन भिंतीवर आपटलं. खांद्यावर ओला टॉवेल तसाच घेऊन आत्याने टिल्लूला कमरेतून उचललं, पायानेच शेगडीचं बटण फिरवलं आणि मट्कन खाली बसली.  टिल्लू मात्र दांडा मिळाला नाही म्हणून गळा काढून रडत होता.

नंतर आत्याने पोलादी पट्टी आत सरकवून झडप दाबली आणि हात सोडवला. मनगटावर दात्यांचे आठ लाल ठसे उमटले होते.

“तुला काय ऐकू आलं गं?” भिंगरीने विचारलं.

“डासाएवढा आवाज. एकदा ‘टिल्लू’, बस. पातेलं-बितेलं काही नाही.” आत्याने टिल्लूला मांडीवर ओढलं. “मी काढून ठेवणारच होते, भिंगरे. बाजूला ठेवायलाच रिसीव्हर हातात घेतला होता.”

भिंगरी उठली. शेगडी बंद होती, टिल्लू आत्याच्या मांडीवर होता, तरी तिने आधी जाऊन दाराला कडी घातली. ओढून बघितली. परत ओढून बघितली. आणि मग चिठ्ठी काढायला फोनकडे वळली, तर तिचा हात काही केल्या त्याच्याजवळ जाईना.