नादबाबाची तांब्याची पेटी

नाटक मंडळीतल्या सगळ्यांनी चपला-बूट बाहेर काढले होते आणि डोळे गच्च मिटले होते. तालमीत ज्या खलनायकाला गप्प बसवता बसवता दिग्दर्शकाचा घसा बसायचा, तोसुद्धा शहाण्या बाळासारखा हाताची घडी घालून बसला होता. रंगमंचावर उंच स्टुलावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेली एक पेटी होती आणि तिच्यामागे उभे होते नादबाबा.

"तुमच्या तारेतून वीज वाहते," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पण प्राण वाहतो का? मेलेल्या तारेतून जिवंत गाणं कसं येईल, बाळांनो? आधी पेटीशिवाय ऐका, मग पेटीतून ऐका. आणि डोळे उघडू नका हं! नजर लागली की नाद बुजतो."

नाद म्हणजे जसं काही शेजारणीचं मांजर!

नायिका वादकांच्या साथीनं, पेटीशिवाय एक कडवं गायली. बरं झालं. मग बाबांनी सगळ्यांना थोडा वेळ शांत बसवलं, माईकची तार पेटीत खोचली, पेटीतून दुसरी तार आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरकडे सोडली आणि तेच कडवं पुन्हा गायला लावलं. आणि काय सांगावं! आवाज जवळ आला, स्वच्छ झाला, गोड झाला. वरचा जो सूर गेले कित्येक दिवस तिला रडवत होता, तो अलगद लागला. खलनायकानं नाक ओढलं. नायिकेनं डोळे पुसत हात जोडले.

"बाबा, माझा आवाज मला परत मिळाला! इतक्या वर्षांत कुणाला जमलं नाही ते तुम्ही केलंत."

सभागृहाच्या मागच्या टोकाला, मिक्सरपाशी एक जण डोळे टक्क उघडे ठेवून बसला होता. मंडळी त्याला बटणदादा म्हणत. नाटकाचा आवाज सांभाळणं हे त्याचं काम, आणि नायिका त्याची बायको. ते वाक्य कानावर पडलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांत कुणाला जमलं नाही म्हणे! मग इतकी वर्षं हिचे माईक, हिच्या तारा, हिच्या घशासाठी गरम पाण्याचा थर्मास कोण वाहत होतं? हा दाढीवाला? आणि ती बाबाकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर आपल्या वाट्याला शेवटची कधी आली, हे काही केल्या त्याला आठवेना.

त्यात मालकीणबाई उठल्या. नाटक त्यांचं, शब्दही त्यांचाच शेवटचा. नवं संगीत नाटक मोठ्या नाट्यगृहात न्यायचं होतं आणि त्यासाठी कोणती सामग्री घ्यायची ते आजच ठरवायचं होतं. नाचत गाणाऱ्या नटांना अंगावर लावायचे बिनतारी माईक घ्या, असा बटणदादाचा आग्रह होता.

"अंगाला यंत्र बांधून कुणी गातं का?" बाबा हसले. "उभा माईक ठेवा, त्याला माझी पेटी लावा, बस्स. आणि त्या बटणांपाशी माझा शिष्य बसेल. या गृहस्थांचा हात जड आहे."

"चहा घेऊ आणि ठरवून टाकू," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा कल पेटीकडे होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

बटणदादानं बायकोला मिक्सरपाशी ओढलं.

"तो लुच्चा आहे!"

"तू जळतोस."

"हो, जळतोय! चांगला धूर निघतोय माझा! पण मी जळका आहे म्हणून तो खरा ठरतो का?"

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "मग दाखव. आरडाओरडा न करता."

त्यानं दोन्ही वेळचं गाणं मिक्सरवर टिपून ठेवलं होतं. आवाज मोजणारी पट्टी त्यानं तिला दाखवली. पेटी लावल्यावर आवाज मोठा झाला होता, पण अगदी किंचित. "कानाची गंमत बघ. आवाज दुप्पट केला तर कळतं की मोठा झाला. पण एवढासाच वाढवला, तर तो मोठा वाटत नाही, गोड वाटतो. डाव आहे तो एवढाच." मग त्यानं दोन्ही आवाज सारखे केले आणि हेडफोन तिच्या कानावर चढवले. "सांग, पेटीचं कुठलं?"

तिनं सांगितलं. चुकलं. पुन्हा ऐकलं, पुन्हा सांगितलं. पुन्हा चुकलं. तिचा चेहरा उतरला, आणि त्याला मेल्याला त्यातही बरं वाटलं.

"आत्ता जाऊन मालकीणबाईंना सांगतो!"

"अजिबात नाही. म्हणतील, नवऱ्याच्या पोटात दुखतंय. मी पुन्हा गाते. डोळे मिटायला बाबा सांगतीलच. पुढचं तू बघ."

चहा झाल्यावर तिनं आणखी एकदा ऐकायचा हट्ट धरला. बाबांना तेच हवं होतं. त्यांनी पेटी जोडली, सगळ्यांना डोळे मिटायला लावलं आणि शोभा म्हणून स्वतःचेही मिटले. त्या शांततेत बटणदादा मोजे घातलेल्या पायांनी मंचावर गेला, पेटी सोडवली, माईकची तार सरळ मिक्सरला जोडली आणि ती जड पेटी पहिल्या रांगेत बसलेल्या मालकीणबाईंच्या मांडीवर नेऊन ठेवली. त्यांनी दचकून डोळे उघडले. त्यानं ओठांवर बोट ठेवलं, परत जागेवर गेला आणि आवाज तेवढाच, किंचित वाढवला.

नायिका गायली. वरचा सूर पुन्हा अलगद लागला. खलनायकानं पुन्हा नाक ओढलं.

"वाहवा!" बाबा झुलत म्हणाले. "पाहिलंत? मघाशी पेटी नुसती जागी झाली होती. आत्ता ती बोलली!"

"माझ्याशी तर काही बोलली नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "मघापासून मांडीवर घेऊन बसलेय."

सगळ्यांनी डोळे उघडले. खलनायक असा खदाखदा हसला की खुर्ची करकरली. बाबा म्हणाले, नाद अजून तारेत दरवळतोय. मालकीणबाईंनी शांतपणे स्क्रू-ड्रायव्हर मागवला. पेटीत आवाज थोडासा वाढवणारी एक साधं सर्किट निघालं, आणि वजनासाठी सिमेंटचा गोळा. तुमचे कान अपवित्र आहेत, असं पुटपुटत बाबा तो गोळा कवटाळून निघून गेले.

बटणदादाची छाती फुगली. "बघितलंस? म्हणे आवाज परत दिला!"

"पण सूर तर खरोखर लागला," ती म्हणाली. "पेटी होती तेव्हाही आणि आत्ता नव्हती तेव्हाही. तो कसा?"

"सोपं आहे. माईकचा आवाज वाढला की तुझ्या पायाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरमध्येही वाढतो. तुला तू नीट ऐकू येतेस. मग घसा ताणावा लागत नाही…" बोलता बोलता त्याची नजर त्या स्पीकरकडे गेली.

"तालीम सुरू झाल्यापासून हेच सांगतेय. मला मी ऐकू येत नाही, तो स्पीकर वाढव. तू काय म्हणालास? वाढवला की स्पीकर शिट्टी मारतो. मनाचे खेळ आहेत तुझे." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "बाबाची परीक्षा घेतलीस ना? आता तुझी घे. स्पीकर होता तसा कमी कर आणि माझ्या जागेवर उभा राहा."

त्यानं स्पीकर कमी केला. वादकांनी वाजवायला सुरुवात केली. तो माईकसमोर उभा राहिला, मोठ्यानं बोलला, मग ओरडला. ढोल आणि तुताऱ्यांच्या त्या गदारोळात त्याचे ओठ हलत होते, एवढंच त्याला कळत होतं.

मालकीणबाईंनी बिनतारी माईक घेतले, आणि मंचावरच्या गायकांसाठी चांगले स्पीकरही.

वाचकहो, चमत्कार दाखवणाऱ्याला सरळ सांगा, तुझी वस्तू जोडलीय की नाही, हे आम्हाला कळू न देता पुन्हा करून दाखव. खरं असेल ते पुन्हाही होईल. पण तीच कसोटी आपल्या खात्रीलाही लावा. बाबा लबाड होता, यात शंकाच नाही. पण तो या घरात शिरला कुठून? आपल्या माणसाचं म्हणणं आपण कानाआड करतो ना, तिथून.

वादक थांबले. बटणदादा अजून तिच्या जागेवरच होता.

"खरंच काही ऐकू येत नाही गं इथं," तो म्हणाला.