फोटोतला माग

मित्रांनो, आधी मला जरा दम घेऊ द्या. धक्का बसलाय मला, साधासुधा नव्हे! मी सोलापूरचा जुना यंत्रमाग. टॉवेल विणणं हा माझा जन्माचा धंदा. आणि म्हातारपणी माझ्यावर वेळ कसली आली म्हणता? नुसते फोटो काढून घेण्याची!

पूर्व भागातल्या एका पत्र्याच्या शेडात मला राजय्यानं बसवलं. तो माझा पहिला मालक. घरात तेलुगू बोलायचा, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि माझ्याशी शिव्यांमध्ये. पण तेल घालायला कधी चुकला नाही. माझा धोटा सूत घेऊन इकडून तिकडे धावायचा आणि टॉवेलांची थप्पी लागायची. "माणूस म्हातारा होतो, राजय्याचा टॉवेल होत न्हाय," असं लोक म्हणायचे. मायाक्का आणि मंजुनाथ ही त्याची लेकरं त्याला नान्ना म्हणत. ती माझ्या खडखडाटातच झोपायची. मी थांबलो की दचकून उठायची!

राजय्या गेला. मायाक्का लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत गेली, तिथं तिचे स्वतःचे दोन माग आहेत. मी मंजुनाथकडे राहिलो आणि मंजुनाथच्या हातात मोबाइल आला.

एका टॉवेल कंपनीचा शेअर होता, कटिंग चहाहून स्वस्त. त्या कंपनीचं नाव मी तोंडातून काढणार नाही. मंजुनाथनं तो घेतला आणि मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये त्याच्यासाठी भांडायला लागला. लोक लिहायचे, "कंपनी बोगस आहे, कारखानाच नाही." हा चवताळायचा. मोठ्यानं बोलत टाइप करायचा, "का बे, तुमी पुण्यात एसीत बसून मला टॉवेल शिकवता? माझा बाप मागावर मेला. मला विचारा की!" इकडे माझ्यावर सूत तुटून लोंबायचं, आणि ह्याचं लक्ष नाही. कसलं तेल नि कसलं काय!

मग कुणीतरी लिहिलं, "एवढा विश्वास हाय तर घरदार विकून घे की." झालं! ते ह्याला मिरचीसारखं झोंबलं. दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात. मला वाटलं, चेष्टा चाललीय. चेष्टा कसली हो! मला किलोवर विकलं! मी टेम्पोत चढत होतो आणि हा ग्रुपवर बोलत होता, "माग विकून शेअर घेतोय. आता बोला!"

आता भट्टीत जाणार, असं मी धरून चाललो. पण टेम्पो थांबला मोहोळच्या अलीकडे, हायवेलगतच्या एका शेडात. तिथं माझ्यासारखेच म्हातारे माग ओळीनं उभे. रंगाऱ्यानं गंज न घासताच मला हिरवागार रंग फासला. सूत नाही, मोटर नाही, वायर नाही. एक जण आला, फोटो काढून गेला. मी हबकलो. शेजारच्या मागाला विचारलं, "आपण विणायचं कधी?"

तो म्हणाला, "विणायचं न्हाय. दिसायचं."

काही महिन्यांनी दार उघडलं. बघतो तर मंजुनाथ! सोबत मायाक्का. मंजुनाथनं मोबाइल उंच धरलेला. ग्रुपवाल्यांना सगळं थेट दाखवत होता. "बघा, डोळे फाडून बघा! कारखाना न्हाय म्हणत होता न्हवं? मी रोज टाकतो त्या फोटोतला हाच माग!" आणि बोट सरळ माझ्याकडे! अरे देवा! म्हणजे ही तीच शेअरवाली कंपनी! माझाच फोटो दाखवून हा लोकांची तोंडं बंद करत होता, आणि मला ओळखलंही नव्हतं!

मायाक्का म्हणाली, "हाय की रे खरंच कारखाना. मग संध्याकाळी माझे बी दोन्ही माग देऊन टाकते. गिऱ्हाईक ठरलंय. माझ्या नावानं तूच घे शेअर."

मित्रांनो, मला किंचाळायचं होतं. पण मोटर नसलेला माग किंचाळणार कशानं?

मंजुनाथनं बोलता बोलता माझ्या पुढच्या पट्टीवर हात टेकला. बोटं पट्टीखाली गेली आणि तिथंच अडली. तिथं राजय्यानं छिन्नीनं स्वतःचं नाव कोरलंय, तेलुगूत. मंजुनाथला तेलुगू वाचता येत नाही, पण लहानपणी तो ती अक्षरं बोटानं गिरवायचा. त्यानं वाकून पट्टीखाली बघितलं.

मायाक्का मोबाइलमध्ये डोकावली. "ही माणसं लिहायलीत, चालू करून दाखवा. दाखव की!"

मंजुनाथ गप्प बसला असता तर सकाळी शेअर विकून मोकळा झाला असता. बोलला, तर त्या शेअरला कुत्रं विचारणार नव्हतं. वर ज्यांच्याशी एवढं भांडला, त्यांच्याचसमोर नाक कापलं जाणार होतं.

"अक्का," तो म्हणाला, "हा आपल्या नान्नाचा माग हाय. मीच भंगारात घातलेला." मग मोबाइल तोंडासमोर धरला. "तुमी खरं बोलत होता. मी लई वाईट बोललो तुमाला. हितं कारखाना न्हाय, नुसतं भंगार हाय. कुणी घेऊ नका."

कंपनीचा माणूस धावत आला. "ओ, बंद करा ते!"  मायाक्कानं तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला, "माग द्यायचे न्हाईत. न्हाईत म्हंजे न्हाईत!"

मंजुनाथ मला परत मागत होता. "किलोवर देतो पैसे, हा माग तेवढा द्या." त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

पुढच्या आठवड्यात आम्हाला दुसऱ्या शेडात हलवलं. पाटी नवी, कंपनीचं नाव नवं! ग्राइंडर लावून माझ्या पट्टीखालची अक्षरं घासून काढली. काल मला निळा रंग दिला. उद्या फोटोवाला येतोय.

मित्रांनो, घरात चालता माग असेल तर त्याला तेल घाला, भंगारवाल्याला दार दाखवा. आणि कुठल्या फोटोत चकचकीत निळा माग दिसला, तर त्याच्यासाठी भांडायच्या आधी एवढंच विचारा, "ह्याच्यावर सूत कुठाय?" मागवाल्याचा पोरगा असून मंजुनाथनं तेवढंच विचारलं नाही.